अन्न तेच, पंगत वेगळी

आमच्या शाळेत मला नावाने कुणी हाक मारत नसे. मी गणिताची, म्हणून नुसती 'बाई'. शेजारच्या टेबलावर विज्ञानाचे सर, ते नुसते 'सर'. शाळेत सर आणखीही होते, पण स्टाफरूममध्ये 'सर' म्हटलं की तेच वळून बघायचे. बाकीच्यांना आडनावं लावावी लागत. कारण या सरांचं बोलणं. ते उभे राहून बोलू लागले की ऐकणाऱ्याला वाटायचं, अरेच्चा, आपलंही पहिल्यापासून हेच मत होतं की. पुण्यात एवढं जमलं तरी माणसाचं आयुष्य सुखात जातं. त्यांचं गेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती नीट सांगायची तर दहा-एक वर्षं मागे जायला हवं.

तेव्हा एका बड्या परदेशी कंपनीने आपल्याकडच्या गरिबांना फुकट इंटरनेट द्यायचं मनावर घेतलं होतं. रस्तोरस्ती हसऱ्या शेतकऱ्यांच्या जाहिराती लागल्या होत्या. फुकट म्हणजे काय, तर कंपनीने निवडलेल्या साइट तेवढ्या फुकट. त्यापलीकडचं काही बघायचं असेल तर पैसे भरा आणि बघा. स्टाफरूममध्ये बहुतेकांचं म्हणणं पडलं, मिळतंय तर बिघडलं कुठे. मराठी शाळेच्या स्टाफरूमला फुकट या शब्दाचं कधीच वावडं नसतं. एकटे सर भडकले होते. डबा अर्धा टाकून ते उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, हा सरळसरळ पंक्तिप्रपंच आहे!"

हा शब्द आता कमी ऐकू येतो. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना दुजाभाव करायचा, जावयाच्या भातावर तुपाची धार आणि लांबच्या पाहुण्याच्या भातावर थेंब, त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. सरांनी तो इंटरनेटला लावला. तारा ओढणारी कंपनी म्हणजे वाढपी. पानावर कोण बसलंय हे वाढप्याने बघायचं नाही. बड्या कंपनीची साइट सुसाट, तुमची-आमची रखडत, असलं काही त्याने करायचं नाही आणि कुणाचं पान मांडायचं, कुणाचं उचलायचं हेही त्याने ठरवायचं नाही. वर्तमानपत्रं ज्याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणत होती आणि जे आमच्यातल्या कुणालाच धड कळत नव्हतं, ते सरांनी एका शब्दात बसवलं. चित्रकलेच्या सरांनासुद्धा कळलं, म्हणजे बघा.

त्यांच्या भडकण्यात आमचा स्वार्थही होता. आम्ही दोघं तेव्हा दहावीच्या मुलांसाठी धडे तयार करत होतो. शाळेतली निम्मी मुलं क्लासला जाऊ शकत नसत. म्हणून त्यांचं विज्ञान आणि माझं गणित, मराठीतून, मोबाइलवर बघता येईल असं. बुधवार पेठेतल्या गल्लीत तासभर घासाघीस करून सरांनी एक माइक आणला होता. चित्रीकरण विश्रांतवाडीला माझ्या घरी. आळंदी रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, आणि मी घाम पुसत बहुपदी सोडवतेय. कमकुवत नेटवरही उघडावेत म्हणून सरांनी ते धडे अगदी हलके करून साइटवर ठेवले होते. साइटचं सगळं त्यांनीच बघितलं, त्यामुळे ती त्यांच्याच नावावर होती. शाळेचं कपाट ज्याच्या ताब्यात, किल्ली त्याच्याकडे. आमच्याकडे ही रीतच होती आणि त्यात कुणाला कधी काही खटकलं नव्हतं.

प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला मी विचारायची, "मागचे बाक, ऐकू येतंय का?" आणि थोडी थांबायची. वर्गातली सवय. सर हसायचे. "अहो बाई, व्हिडिओत मागचे बाक कुठून आले?"

"जे पोरगं शाळा सुटल्यावर बापाच्या मोबाइलवर गणित बघतं ना सर, ते मागच्याच बाकावर बसलेलं असतं," असं मी म्हणाले होते. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि ते वाक्य कधी कापलं नाही.

मग सर या विषयावर भाषणं देऊ लागले. वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, महाविद्यालयं, जो बोलावेल तिथे. पहिल्या भाषणाला मी पुढच्या रांगेत होते. पंक्तिप्रपंचाला टाळ्या पडल्या. मला मात्र आत कुठेतरी टोचत होतं. परतताना रिक्षात मी बोलले, "सर, शब्द उत्तम आहे. पण तो पंगतीत बसलेल्यांचा शब्द आहे. आमच्या लोकांची पंगतच वेगळी असायची."

आणि मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, त्याच्या थोडं आधीची. वडील तेव्हा लहान. गावात जमीनदाराच्या घरचं लग्न होतं. गावजेवण होतं, म्हणजे सगळ्या गावाला आमंत्रण. आमची माणसं बसली गोठ्याच्या भिंतीलगत, शेवटी. वाढणारा वाकायचा नाही. उभ्यानेच वरून टाकायचा. पानात पडलं तर पानात, नाहीतर मातीत. वडील पुढे सरकारी नोकरीत चढत गेले, विश्रांतवाडीला घर बांधलं, आम्हा भावंडांना शिकवलं. पण ते जेवण विसरले नाहीत. सांगताना आवाज चढायचा नाही त्यांचा. एवढंच म्हणायचे, "अन्न तेच होतं गं. पंगत वेगळी होती." आयुष्यभर ते कुठल्याही पंगतीत बसले नाहीत. लग्नात जायचे, अक्षता टाकायचे, आहेर देऊन घरी येऊन भाकरी खायचे. पुढे कार्यालयांत बुफे सुरू झाला आणि माणूस एकदम बदलला. स्वतःच्या हाताने, हवं तेवढं, कुणाकडे न बघता वाढून घ्यायचं! बुफेइतकी थोर पद्धत माणसाने दुसरी काढली नाही, असं ते गंभीरपणे म्हणायचे आणि तीनदा गुलाबजाम घ्यायचे.

"म्हणून म्हणते सर, इंटरनेट ही पंगत नाहीच. तो बुफे आहे. त्यात वाढपी आणू नका म्हणा."

सर म्हणाले, "बाई, हे मी वापरू का?"

मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. माझ्या वडिलांचं वाक्य पेठेतल्या सभागृहांत, तेही सरांच्या तोंडून. पुढच्या भाषणांत ते येत राहिलं: "माझ्या एका सहकारी बाईंचे वडील सांगायचे..." लोक गप्प व्हायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसलेले मी स्वतः पाहिले आहेत. दिल्लीतल्या नियामकांनी लोकांची मतं मागवली होती. आमच्या सांगण्यावरून माजी विद्यार्थ्यांनी, पालकांनी, अगदी आमच्या मुख्याध्यापकांनीही मतं पाठवली. ते मुख्याध्यापक शिक्षणाधिकाऱ्यांनाही वेळेवर उत्तर देत नसत. देशभरातून असा पाऊस पडला असणार, त्यात आमचेही चार थेंब. आणि निकाल लागला: साइट बघून वेगवेगळे दर लावायचे नाहीत. फुकटवाली योजना गुंडाळली गेली. स्टाफरूममध्ये चहा आणि खारी आली. सरांनी मला सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, हे तुमच्या वडिलांमुळे." वडील तेव्हा हयात होते. मी घरी जाऊन त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सरांना एकदा जेवायला बोलव."

सर आले, जेवले. वडिलांनी स्वतः त्यांच्या पानात वाढलं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

नंतरची वर्षं भराभर गेली. वडील गेले. मराठी शाळेच्या तुकड्या एक-एक करून कमी झाल्या, आम्ही दोघं मागेपुढे निवृत्त झालो. सरांनी मांजरीत फ्लॅट घेतला. उसाच्या फडांमध्ये उगवलेल्या इमारती, गॅलरीतून एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची गॅलरी. धडे चालू होते. दर जूनला आम्ही नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे बदल करायचो. ते फोनवर म्हणायचे, "सध्या एका ब्रॉडबँडवाल्यांना थोडं शिक्षणाविषयी सल्ला देतो." निवृत्त माणसाने सल्ला द्यायचा नाही तर काय करायचं, म्हणून मी खोलात शिरले नाही.

मग गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. एका सभागृहात परिसंवाद आहे, ब्रॉडबँडवर सरकारचं नियंत्रण किती असावं यावर. सरकारी अधिकारी ऐकायला येणार आहेत. त्यात ते बोलणार आहेत. "या बाई. तुमच्याशिवाय हा विषय मी कधी बोललेलो नाही."

मी इस्त्रीची साडी नेसून गेले. पुढच्या रांगेत बसले, जुन्या सवयीने.

आधी दोन-तीन जण कायद्याच्या भाषेत बोलले. त्यातून मला समजलं ते असं. ब्रॉडबँड कंपनीने एक अभ्यास पॅक काढला होता. इमारतींमधून आणि आसपासच्या वस्त्यांतून तिची केबल जातेच. धडे तिने स्वतःच्याच जाळ्यात, स्वतःच्या कपाटात ठेवायचे. ग्राहकाचं रिचार्ज संपलं, बाहेरचं इंटरनेट बंद पडलं, तरी हे कपाट उघडं. आणि बाहेरच्या जगाशी या कपाटाचा संबंध येत नसल्यामुळे हे मुळी इंटरनेटच नाही, म्हणून पंक्तिप्रपंचाविरुद्धचा तो नियम याला लागू नाही, असा कंपनीचा दावा होता. आक्षेप घेणारे म्हणत होते, दार मागून उघडलंत इतकंच. सरकारने स्पष्ट काय ते सांगावं, यासाठी परिसंवाद. मी मनात म्हटलं, आता सर उठतील आणि यांची सालटी काढतील.

सर उठले. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. त्यांनी पंक्तिप्रपंचापासूनच सुरुवात केली. आपण एकेकाळी कसे लढलो, ते सांगितलं. मग म्हणाले, "पण मित्रांनो, तेव्हा मी पेठेत राहत होतो. आता मांजरीत राहतो. माझ्या इमारतीच्या मागे ज्यांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यांचं नेट पंधरवड्यात संपतं. उरलेला पंधरवडा त्यांची मुलं माझ्या तत्त्वावर अभ्यास करणार का?" लोक हसले. सर थांबले. ते कुठे थांबतात हे मला पाठ आहे. आणि मला कळलं, आता काय येणार.

"माझ्या एका सहकारी बाईंचे वडील सांगायचे, अन्न तेच होतं, पंगत वेगळी होती. हे वाक्य मी अनेक वर्षं सांगत आलो. आज त्याच वाक्यावर मी स्वतःला प्रश्न विचारतो. अन्न जर तेच मिळत असेल, तर पंगत वेगळी आहे म्हणून मुलाने उपाशी उठायचं का?"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनीही वाजवल्या. माझे हात मांडीवर तसेच राहिले. मला वडिलांचा चेहरा दिसत होता, तो सुद्धा गोठ्याजवळच्या मुलाचा नाही, सरांच्या पानात आमटी वाढणाऱ्या म्हाताऱ्याचा. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मी आजवर नुसती निबंधात वाचली होती. माणसं खोटं बोलून फसवतात त्याचं एवढं काही वाटत नाही. यांनी आमचं खरं वाक्य घेतलं, त्यातला काना-मात्रा न बदलता उलटं केलं आणि मी ज्या रांगेत बसले होते त्या रांगेसमोर ठेवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित उठून घरी गेले असते आणि फोन घेणं बंद केलं असतं. पण सर म्हणाले, "नमुना दाखवतो," आणि मागचा पडदा उजळला. कंपनीचं चिन्ह गरगर फिरलं, सनई आणि गिटार यांच्या मधलं काहीतरी वाजलं, आणि पडद्यावर मी आले. माझी विश्रांतवाडीची खोली, बंद खिडकी, वर्गसमीकरणं. मी तोंड उघडलं ते थेट "आज आपण सूत्राने उकल काढू" असं म्हणत. मागच्या बाकांची विचारपूस कापलेली होती. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'फक्त आमच्या ग्राहकांसाठी'.

मला कुणी विचारलं नव्हतं. एका शब्दाने नाही.

चहाच्या वेळी अनोळखी माणसं येऊन माझं अभिनंदन करत होती. "अहो, तुम्हीच का त्या! फार छान शिकवता." मी सरांना बाजूला, लिफ्टजवळ गाठलं.

"सर, माझे धडे तुम्ही त्यांना दिलेत?"

"आपले धडे, बाई."

"गणित तुम्ही कधीपासून शिकवायला लागलात?"

ते जरा ओशाळले. म्हणाले, "अहो, साइट माझ्या नावावर. त्यांना कागद एकाच्या सहीचा हवा होता. तुम्हाला सांगणारच होतो, म्हणून तर बोलावलं. मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

"वडिलांचं वाक्य ऐकूनही?"

"बाई, मी त्यांचा अपमान केला नाही. मी फक्त पुढचा प्रश्न विचारला. तुम्ही मांजरीत येऊन बघा एकदा. तत्त्व पाळायला पोटात काहीतरी लागतं." मग आवाज उतरवून, खरंच कळवळून म्हणाले, "आपली साइट किती जण बघत होते शेवटी? आता हजारो घरांत जातंय हो तुमचं गणित. तुम्हाला नको आहे का ते?"

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी दिलं. मी म्हटलं, "सर, ज्याच्या हातात वाढायचं आहे, त्याच्याच हातात उचलायचंही आहे. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आज माझं गणित ठेवलंय, उद्या त्यांचा क्लासवाल्यांशी सौदा झाला की काढतील. आणि ज्या पोरांना तेवढंच दिसतं, त्यांना दुसरीकडे काही आहे हे कळणारही नाही."

"उद्याचं उद्या बघू."

"मग आजचं आज बघा. माझे धडे काढा."

इतक्या वर्षांत मी त्यांना एखादी गोष्ट करा असं कधी म्हटलं नव्हतं, नेहमी करू या म्हटलं होतं. "तुम्ही म्हणत असाल तर काढायला लावतो," ते म्हणाले. "पण मुलांना कारण तुम्ही सांगायचं." आणि लिफ्ट आली तसे आत गेले. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या लिफ्टच्या दारात समजलं: रक्त नाही, आरडाओरडा नाही, समोरच्याचा चेहरा सज्जनच.

शब्दाला जागले मात्र. आठवड्याच्या आत माझं गणित त्या कपाटातून गेलं. त्यांचं विज्ञान राहिलं. भाचीच्या मदतीने मी माझ्या नावावर नवी साइट केली, सगळे धडे पुन्हा चढवले, मागच्या बाकांसकट. कुणालाही, कुठल्याही कंपनीच्या तारेवरून उघडेल असं. त्या रात्री मला शांत झोप लागली. मी योग्य केलं होतं याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. हे मी ठासून लिहिते, कारण पुढचं सांगायचं आहे.

दिवाळीनंतर एका बाईंचा फोन आला. मांजरीच्या. सरांच्या इमारतीमागे राहणाऱ्या. माझा नंबर त्यांनी सरांकडूनच घेतला होता. मुलगी दहावीला. "बाई, तुमचं गणित लागत न्हाई वो आता. पोरगी त्याच्यावरच करत हुती. सर म्हनले, बाईंनीच काढाय लावलं. खरं हाय का?"

मी म्हटलं, खरं आहे. मग समजावून सांगू लागले: नवी साइट आहे, अमुक असं लिहा, उघडेल.

"नेट संपलंय बाई. पंधरा दीस झालं. फुकटवालं तेवढं चालतंय."

त्या बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसतं विचारत होत्या, की असं का केलंत. सरांनी दिलं आणि बाईंनी काढलं, हा हिशेब त्यांच्या घरातून बघितला तर बरोबरच होता. माझ्या वडिलांचं वाक्य घेऊन सर एका बाजूला उभे आणि पोरांचं नुकसान करून मी दुसऱ्या बाजूला. ज्याने तोंडाला पानं पुसली तो दाता ठरला होता. मला रडू आलं, आणि रडण्याचीही चीड आली.

"मी येते," मी म्हटलं. "रविवारी येऊन शिकवते तिला. काही द्यायचं नाही."

गेले. विश्रांतवाडीहून मांजरी म्हणजे दोन बस आणि पुढे सहा आसनी रिक्षा. पिशवीत खडू, वह्या, जुन्या प्रश्नपत्रिका. सरांची इमारत डावीकडे दिसली, तिकडे मी बघितलं नाही. मागे उसाच्या बांधाला लागून खोल्या. त्या बाई दारातच उभ्या होत्या. चहा टाकलेला. मला खुर्ची दिली आणि जरा संकोचून म्हणाल्या, "बाई, तुमाला उगाच हेलपाटा. फोन करणार हुते मी. परवापासनं गणित पुन्हा आलंय त्याच्यात. दुसऱ्या बाई हायत. त्या बी बऱ्या शिकवत्यात."

मुलगी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मोबाइल, हातात पेन्सिल. मी तिच्याजवळ खाली बसले. पडद्यावर तरुण शिक्षिका होती, छान निळा कुर्ता, मागे चकचकीत फळा. वर्गसमीकरणंच चालली होती. मी लक्ष देऊन ऐकू लागले, पेपर तपासताना ऐकावं तसं. एखादी चूक निघावी असं मला वाटत होतं, हे कबूल न करण्यात अर्थ नाही. एखादं चिन्ह सुटावं, वर्गमुळाखाली गडबड व्हावी, निदान घाई तरी असावी. काही नव्हतं. पोरगी स्वच्छ शिकवत होती. दोन उकली येतात त्या का येतात, हे तिने माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं.

धडा संपला. मुलीने वहीतलं उत्तर पडद्याशी ताडून पाहिलं, बरोबर होतं. मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. आवाजावरून ओळखलं असावं.

"तुम्ही त्याच बाई ना?"

"हो."

तिला माझा राग आला नव्हता. तिला फक्त परीक्षेची काळजी होती आणि मी जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती.

"बाई, तुम्ही काढलं तसं ह्या पण मधेच काढतील का?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांना नाही काढता येणार. ते त्यांच्या हातात नाही."

तिला हायसं वाटलं. तिने पुढचा धडा लावला.